गुरुवारचे मत

वेल्डनमध्ये मे महिन्यातला उजेड घाईने येत नाही. आधी गावाच्या पूर्वेकडच्या उंच धान्यकोठाराचा माथा तेवढा फिकट होतो. मग पाण्याच्या टाकीवरचे गावाचे नाव वाचता येऊ लागते. मग बराच वेळ काहीच घडत नाही, जणू पुढे जावे की नाही याचा विचार करीत उजेड तिथेच उभा राहिला आहे. नंतर तो कॉटनवुडच्या पानांमधून, त्या झाडांच्या हवेत तरंगणाऱ्या कापसातून, कॉलेजच्या अध्यक्षांसाठी बांधलेल्या पांढऱ्या लाकडी घराकडे वळतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो. प्रथम चौकटीच्या सोललेल्या रंगावर. मग नळाखालच्या टवका उडालेल्या बेसिनवर. मग टेबलावरच्या मेणकापडावर, त्याच्या निळ्या चौकड्यांवरून एकेक घर पुढे सरकत, साखरेच्या भांड्याला वळसा घालून, कॉफीच्या पेल्यापाशी. आणि शेवटी त्या पेल्याशेजारी पालथ्या पडलेल्या एका म्हाताऱ्या हातावर. तिथे आला की तो पिवळा होतो, आणि हाताच्या शिरा नकाशावरच्या नद्यांसारख्या दिसू लागतात.

तो हात अर्विड लुंडीन यांचा होता. कॉलेजचे अध्यक्ष झाल्यापासून अकरा वर्षे ते रोज सकाळी याच खुर्चीवर बसत आले होते, आणि हा उजेड आपण कधी पाहिलाच नाही हे त्यांच्या आज ध्यानात आले. उद्या पदवीदान. सोमवारी या घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती जायच्या होत्या.

त्यांचे वय एकोणऐंशी. गावातले जुने लोक अजून त्यांना ‘गव्हर्नर’ म्हणत, कारण धुळीच्या वादळांच्या वर्षांत सगळ्या राज्याने त्यांना निवडून दिले होते आणि बँका बुडत असताना त्यांनी बियाण्याची पोती गावोगाव पोचवली होती. वॉशिंग्टनहून पत्रे येत ती ‘सेनेटर’च्या नावाने, तिथे त्यांनी बारा वर्षे काढली. विद्यार्थी समोर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘महाराज’. जो माणूस त्यांना ज्या पदावर असताना भेटला, ते पद त्याच्यापुरते कायमचे त्यांच्या नावाला चिकटले. नुसते ‘अर्विड’ म्हणणारी एकच व्यक्ती होती, त्यांची पत्नी, आणि ती चौदा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे, या गावापासून बारा मैलांवरच्या त्यांच्या जुन्या घरात वारली. तेव्हा ते वॉशिंग्टनमध्ये होते.

जिन्यावर पावले वाजली. सिग्ने, त्यांची मुलगी, रात्री मिनिआपोलिसहून गाडी चालवत आली होती. वय सदतीस, शाळेत भूगोल शिकवायची. चेहरा आईचा, चाल बापाची.

“पा, पुन्हा उकळलीत ना कॉफी? वास वरपर्यंत आलाय. यानं घोड्याची नाल विरघळेल.”

“सेनेटमधली याहून वाईट असायची.”

“म्हणूनच तिथले कायदे तसले.” तिने राय ब्रेडचा जाड तुकडा कापला, लोणी थापले आणि समोर बसली. “किती वाजता उघडतंय तुमचं देऊळ?”

‘देऊळ’ म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयातली नवी खोली. लुंडीन यांचे सगळे कागद, दोनशेबारा पेट्या, त्यांनी कॉलेजला दान केले होते. दुपारी तिथे भाषणे व्हायची होती.

“दुपारी दोन. पण मी जरा आधी जाऊन येतो. एकटाच.”

“मी पण येते. ग्रंथालयातल्या होलबबाईंशी माझं फोनवर बोलणं झालंय. आईनं तुम्हाला तिकडे लिहिलेली पत्रं वेगळी काढून ठेवणार आहेत त्या. मला ती एकदा बघायचीत, पा. तिचं अक्षर तरी.” तिने सुरीवरचे लोणी पुसले. “आणि तुम्ही अंघोळ करा आधी. भाषणात माझा उल्लेख करणार असाल तर केसबीस विंचरून करा.”

ती हसली. ते हसले नाहीत. हे हसणे त्यांना किती उशिरा परत मिळाले होते हे त्यांनाच ठाऊक होते, आणि ते कशावर उभे आहे हेही.

आईच्या दफनानंतर सिग्ने तीन वर्षे बापाशी बोलली नव्हती. शेवटचे तीन महिने आईपाशी तीच एकटी होती. सेनेटमधली कारकीर्द संपवून लुंडीन वेल्डनला आले, त्या वर्षीच्या नाताळात ते मिनिआपोलिसला गेले आणि तिच्या दारात बर्फात उभे राहिले. दार अर्धे उघडे धरून तिने एवढेच विचारले, “का नाही आलात?”

तेव्हा त्यांनी उत्तर दिले होते. नदीवरच्या धरणाच्या विधेयकावर त्या गुरुवारी मतदान होते. सकाळची मोजणी सांगत होती की दोनतीन मतांचाच खेळ आहे. आता सेनेटमध्ये एक जुनी रीत असते: एखाद्याला निकडीने जावे लागले, तर विरुद्ध बाजूचा एखादा सभासद त्याला जोड देतो, म्हणजे स्वतः हजर राहूनही आपले मत देत नाही. एक होकार आणि एक नकार परस्परांत विरून जातात आणि गेलेला माणूस निर्धास्त मनाने जातो. “मी टेबलाटेबलापाशी गेलो, सिग्ने,” ते म्हणाले होते. “जोड मागितली. कुणी दिली नाही. म्हाताऱ्या ट्रॅस्कपाशी गेलो, त्यानं तर तोंडच फिरवलं.”

सिग्ने रडली, आणि तिने दार पूर्ण उघडले.

पुढच्या अकरा वर्षांत तिने ती गोष्ट स्वतःच कितीजणांना सांगितली. गेल्या शरद ऋतूत दक्षिणेत क्लेबर्न ट्रॅस्क वारला, तेव्हा बातमीचे कात्रण पाठवून तिने खाली लिहिले होते: ‘यानं आता वर जाऊन जोड मागावी. बघू कोण देतं.’

ट्रॅस्कने तोंड फिरवले नव्हते. त्याने पत्र लिहिले होते. ते पत्र लुंडीन यांनी फाडले नाही, कारण फाडायचे तर पुन्हा हातात घ्यावे लागले असते. कचेरीतल्या बाईने ते इतर कागदांबरोबर बांधले, आणि लुंडीन यांनी दानपत्रावर सही केली ती एकही पेटी न उघडता. गेल्या आठवड्यात होलबबाई रस्त्यात भेटल्या आणि सहज म्हणाल्या, “गव्हर्नर, चोपन्न सालचे कागद लावून झाले.” पत्नी वारली ते साल. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

“तू अंघोळ कर,” ते उठत म्हणाले. “मी पुढे होतो.”

“पा, मी अंघोळ करून बसलेय. तुमचं चाललंय काय?”

पण ते टोपी घेऊन बाहेर पडले होते.

वेर्ना होलब तीस वर्षे त्या ग्रंथालयात होत्या. उंच, किडकिडीत, चष्म्याची साखळी मानेवर. कुणाही विद्यार्थ्याला नुसत्या भुवईने गप्प करू शकणाऱ्या.

“आठ वाजता? फीत दोनला कापायचीय, गव्हर्नर. की स्वतःच कापून मोकळे होताय?”

“चोपन्नची पेटी बघायची होती. फेब्रुवारीची.”

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. मग त्यांनी पेटी आणून टेबलावर ठेवली आणि एक फाइल काढून समोर उघडली. पत्र वरच होते. दक्षिणेकडचे, ऐसपैस, उजवीकडे झुकलेले अक्षर. तारीख शनिवारची, त्या गुरुवारच्या पाच दिवस आधीची.

‘लुंडीन, तुमची पत्नी फार आजारी आहे असे माझ्या पत्नीकडून कळले. तुमच्या धरणाला माझा विरोध आहे आणि मरेपर्यंत राहील. पण गुरुवारी माझे मत मी तुमच्यासाठी राखून ठेवतो. मंगळवारची गाडी पकडा. आभार मानायला येऊ नका, माझ्या पक्षाचे लोक बघतात. ट्रॅस्क.’

त्यांनी ते दोनदा वाचले. चौदा वर्षे ते पत्र त्यांच्या आठवणीत आखडत गेले होते, कोरडे, शिष्टाचाराचे झाले होते. प्रत्यक्षात ते असे होते.

“होलबबाई, हे मी घरी नेतो. खासगी आहे.”

“नाही नेता येणार.”

“कागद माझे आहेत.”

“होते.” बाईंनी चष्मा खाली सरकवला. “एकदा नोंद झालेला कागद देणाऱ्यालाही परत नाही. नियम चौथा. त्याच्याखाली सही कुणाची आहे, सांगू?”

सही त्यांचीच होती. एका विश्वस्ताने आजोबांची पत्रे परत नेऊन जाळली, तेव्हा अध्यक्ष लुंडीन यांनीच हा नियम केला होता आणि प्रार्थनागृहात तासभर भाषण दिले होते. कागदाला लाज नसते, लाज माणसाला असते, आणि म्हणून कागद माणसापासून जपावे लागतात, असे काहीसे. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“तुम्ही वाचलंत ते?” त्यांनी विचारले.

“माझं कामच आहे.” मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “चोवीस तास मी कुलपं सांभाळते, गव्हर्नर, माणसं नाही. आता मला पलीकडे खुर्च्या मोजायच्यात. दुपारी लोक यायचेत.”

त्या गेल्या. दार त्यांनी ओढून घेतले, आणि पाच मिनिटे तरी त्या परतणार नाहीत हे त्यांच्या पावलांनी स्पष्ट सांगितले. तीस वर्षांत या बाईने कुणालाही असे एकटे सोडले नसेल. लुंडीन यांनी पत्राची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

दार उघडले तेव्हा होलबबाईंच्या मागे सिग्ने होती. तिचे केस ओले होते.

“पळून आलात ना मला सोडून?” ती म्हणाली. “कुठायत आईची पत्रं?”

बाईंनी कपाटातून निळ्या फितीने बांधलेला जुडगा आणला. “आणि हे एक,” त्यांनी वेगळा लिफाफा पुढे केला. “हे बंदच आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय मी बंद लिफाफा उघडत नाही. तारीख पंधरा फेब्रुवारी, सोमवार.”

लुंडीन यांना तो लिफाफा ओळखू आला.

सिग्ने तो उलटसुलट करून बघत होती. “हे मीच टाकलंय टपालात,” ती हळूच म्हणाली. “बर्फ पडत होतं. आईनं बजावलं होतं, आजच टाक म्हणून. पा, हे उघडलं का नाही? उशिरा पोचलं?”

हो म्हणणे सोपे होते. “गुरुवारी सकाळी आलं,” ते म्हणाले. “सभागृहात जाताना. मग... मग राहिलंच.”

तिला ते कळल्यासारखे झाले. जो बाप बायकोचे शेवटचे पत्र उघडू शकला नाही त्याच्याविषयीची कणव तिच्या चेहऱ्यावर आली. होलबबाईंनी कागद कापायची सुरी दिली. सिग्नेने लिफाफा उघडला आणि वाचू लागली, मोठ्याने, वर्गात वाचावे तशा स्वच्छ आवाजात, कारण तसे नसते वाचले तर तिला वाचताच आले नसते.

“‘अर्विड, आज हात बरा चालतोय म्हणून लिहिते. सकाळी ट्रॅस्कबाईंची तार आली. त्यांच्या नवऱ्यानं तुला जोड दिली म्हणे...’”

आवाज थांबला. खिडकीबाहेर कुणीतरी उद्याच्या समारंभाच्या खुर्च्या गवतावर मांडत होते. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज येत राहिला. होलबबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहात होत्या. सिग्ने पुन्हा वाचू लागली, आता हळू.

“‘...किती भला माणूस, आणि तू त्याला नऊ वर्षं रानडुक्कर म्हणत आलास. तार आली तेव्हा सिग्ने औषध आणायला गेली होती. मी तिला सांगितलेलं नाही. तू मंगळवारी निघशील, गुरुवारी रात्री आठच्या गाडीनं उतरशील, तिनं दार उघडावं आणि समोर तू असावास, एवढी गंमत मला करू दे. ती फार दमलीय. हसत नाही. मी बुधवारी केस धुवून घेणार आहे. निळं जाकीट काढून ठेवायला सांगेन.

हे पत्र पोचेल तेव्हा तू गाडीत असशील, म्हणजे हे कुणीच वाचणार नाही. म्हणून मोकळेपणानं लिहिते. जानेवारीत तू आलास तेव्हा माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघून बोलत होतास. चालेल. खिडकीकडे बघ. फक्त बस.

आणि हे जर तू वॉशिंग्टनमध्येच वाचत असशील, तर मला कळलं असं समज. सिग्नेला मी काही सांगणार नाही. तिला बाप लागेल. तुझी टिली.’”

सिग्नेने पत्र टेबलावर ठेवले आणि दोन्ही तळवे त्याच्या दोन बाजूंना टेकले, वाऱ्याने उडू नये म्हणून धरावे तसे. वारा नव्हता.

“केस मी धुतले होते,” ती म्हणाली. “ताप होता, तरी हट्टच धरला. म्हणाली, कशासाठी ते विचारू नकोस. मला वाटलं, डोकं फिरतंय तिचं. गुरुवारी संध्याकाळी जाकीट घालून बसली. उशांना टेकवून बसवली मी तिला. आठच्या गाडीची शिटी झाली आणि तिनं दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, स्टेशनवरून चालत यायला वीस मिनिटं लागतात, नाही? मी म्हटलं, कुणाला? तर नुसती हसली.” तिचा आवाज आता सपाट झाला होता. “दहाला म्हणाली, जाकीट काढ, टोचतंय. एवढंच. एक शब्द नाही बोलली, पा. मरेपर्यंत नाही.”

होलबबाई केव्हातरी खोलीतून गेल्या होत्या.

“ट्रॅस्कबाईंचा काहीतरी गैरसमज झाला असेल,” लुंडीन म्हणाले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. याच आवाजाने त्यांनी दुष्काळात शेतकऱ्यांना धीर दिला होता, सभागृहात विरोधकांना गुंगवले होते, दर वर्षी जूनमध्ये पोरांना जगात पाठवले होते. “अशा वेळी बायका आपसांत...”

सिग्नेने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्यांनी वाक्य पुरे केले असते. तिथे विनवणी होती: हे खोटे असेल तर खरेच खोटे असू द्या, मी विश्वास ठेवीन, अजूनही ठेवीन. आपण जे सांगू ते ही मुलगी मानील, हे त्यांना दिसले. आणि आईने जे गिळले तेच पुढची वर्षे लेकही गिळत राहील, हेही दिसले.

त्यांनी खिशातून ट्रॅस्कचे पत्र काढले, उलगडले आणि टिलीच्या पत्राशेजारी ठेवले.

ते वाचायला तिला वेळ लागला नाही. “मी याच्या मरणावर विनोद केला,” ती म्हणाली.

“माझ्यामुळे.”

“हो. तुमच्यामुळे.” तिने खुर्ची मागे सरकवली, पण उठली नाही. “मग का, पा?”

“धरण,” ते म्हणाले. “सिग्ने, ती धुळीची वर्षं तू पाहिलीस. लोकांनी मला त्यासाठीच पाठवलं होतं. जोड दिली-घेतली तर नाव मतदानाच्या यादीत येत नाही. गावोगावच्या वर्तमानपत्रांत यादी छापून आली असती, आणि तिच्यात लुंडीन नसता...”

“एकसष्ट विरुद्ध तेवीस,” ती म्हणाली. “आकडा मला पाठ आहे. तुम्ही म्हणालात, सकाळी ठाऊक नव्हतं.”

“होतं.”

“मग?”

“निवडणूक दोन वर्षांवर होती.”

“तुम्ही उभेसुद्धा राहिला नाहीत.”

“नाही राहिलो.”

ती वाट पाहात राहिली. आई शिटीनंतर दाराकडे पाहात होती तशी नव्हे. शिक्षिका वाट पाहते तशी, उत्तर मुलाला येते हे ठाऊक असलेली. लुंडीन यांनी आणखी एक कारण शोधले. पक्षाचा आग्रह होता. तेही त्यांनी बोलून दाखवले, आणि बोलता बोलताच ते हवेत विरून गेले, कारण पक्षाच्या पुढाऱ्याने स्वतः त्यांना घरी जा म्हणून सांगितले होते. मग डॉक्टर म्हणाले होते की अजून महिनाभर काही होत नाही. डॉक्टर तसे म्हणाले नव्हते. एकामागून एक ती सारी कारणे त्यांनी टेबलावर ठेवली, आणि दोन पत्रांच्या शेजारी त्यांतले एकही टिकेना.

जानेवारीतली खोली त्यांना आठवली. बंद खिडक्या, औषधाचा गोडसर वास, पांघरुणाखाली जवळजवळ काहीच नसल्यासारखी ती, आणि तिने पुढे केलेला हात. तो त्यांनी धरला होता. मग घड्याळ पाहायच्या निमित्ताने सोडला होता. परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. ते त्याच संध्याकाळी निघाले होते, आणि गाडी हलली तेव्हा त्यांनी जो श्वास सोडला होता, त्याची आठवण त्यांनी चौदा वर्षांत एकदाही होऊ दिली नव्हती.

“पा,” सिग्ने म्हणाली, “मला फक्त खरं सांगा. मग मी जाईन किंवा राहीन, माझं मी बघेन.”

बाहेर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मंगळवारची गाडी होती, तिच्यात जागा होती, ट्रॅस्कने शब्द दिला होता. त्यांच्या मताची कुणालाही गरज नव्हती.

“मला यायचंच नव्हतं,” ते म्हणाले.